हं, पुढे वाच

आमच्या शिरूर अनंतपाळकडे लेकराचे कान टोचायचे ठरले की सोनाराला घरी बोलावतात. लेकरू मामाच्या मांडीवर बसते, बायका भोवती जमतात, कोणी गुळाचा खडा त्याच्या तोंडात घालते. सोनार मात्र काहीच घाई करत नाही. तो मामाशी पावसापाण्याच्या गप्पा मारतो, लेकराला त्याच्या बापाचे नाव विचारतो आणि एकदम समोरच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणतो, "ते बघ, माकड!" लेकरू मान वळवते, आणि तेवढ्यात सोन्याची तार पाळीतून आरपार गेलेली असते. रडू येते, पण उशिरा येते. माझेही कान असेच टोचले गेले. पुढे कितीतरी दिवस मी त्या झाडावर ते माकड शोधत होतो.

ही विद्या एकट्या सोनाराची नव्हे. गोंदणारी बाई सुई चालवता चालवता गाणे म्हणत असे. कासार बांगडी चढवताना माहेरची चौकशी करतो, आणि नेमकी हाताचा अंगठा आवळण्याच्या क्षणी भावाच्या लग्नाची गोष्ट काढतो. निखळलेला खांदा बसवणारा हाडवैद्य तर "पाहुणे कुठल्या गावचे?" असे विचारतो आणि गावाचे नाव अर्धे तोंडात असतानाच खट्‌कन हाड जागेवर बसवतो. या माणसांनी कुठल्या पोथीत वाचले नव्हते. पण वेदनेला पोचायला वाट लागते, आणि ती वाट थोडा वेळ अडवून धरता येते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आज काही मोठ्या इस्पितळांतून भाजलेल्या रोग्याची पट्टी बदलताना त्याच्या डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवतात. चष्म्याच्या आत एक वेगळेच जग असते. मान वळवाल तिकडे ते पसरत जाते. खोली दिसत नाही, चिमटा दिसत नाही, आपलीच जखम दिसत नाही. याला व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतात. मराठीत आभासी वास्तव हा शब्द रुळतो आहे. मला विचाराल तर हा चष्मा आमच्या सोनाराच्या माकडाचा पणतू आहे. या घराण्याचा इतिहास आज सांगावासा वाटतो, आणि त्याचे कारण अगदी घरगुती आहे.

१९९१ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. वसुबारसेच्या दिवशी करंज्या तळताना चुलीवरची कढई कलंडली आणि माझ्या आईचा उजवा हात कोपरापर्यंत आणि एक मांडी तेलाने भाजली. त्या वर्षीची आमची दिवाळी एका दवाखान्यात गेली. दिवसाआड पट्टी बदलायची असे. जखमेला चिकटलेली पट्टी पाण्याने भिजवून सोडवायची, मेलेली कातडी काढायची, मलम लावायचे आणि पुन्हा बांधायचे. भाजण्यापेक्षा ही पट्टी सोडवणेच वाईट असते, हे ज्याने पाहिले आहे तोच जाणे. आई ओरडे. पट्टी बदलणारा माणूस म्हणे, "बाई, एवढं काय झालंय? बाईच्या जातीनं थोडं सोसावं." त्या माणसाबद्दल आता माझ्या मनात राग नाही. त्याच्या हाताखाली रोज अशा वीस बाया जात असतील. पण ते वाक्य मात्र मी विसरलो नाही.

वडिलांनी मला आईच्या उशाशी बसवले होते. काय करावे ते सुचेना, म्हणून पिशवीत होता तो कव्हर फाटलेला आदल्या वर्षीचा दिवाळी अंक काढून मी मोठ्याने वाचू लागलो. एका पडक्या वाड्याची लांबलचक गोष्ट होती. आई तोंड भिंतीकडे करून ऐके. पट्टीचा शेवटचा वेढा सुटू लागला की तिचा आवाज चढे, मी घाबरून थांबे, आणि दात आवळून ती म्हणे, "हं, पुढं वाच." मी वाचत राही. तिचे ओरडणे थांबले असे मी म्हणणार नाही, पण ते ओरडण्याचे कण्हणे झाले. एके दिवशी मला ताप आला म्हणून मी गेलो नाही. त्या दिवशी तिला चौघांनी धरावे लागले, असे वडील रात्री सांगत होते.

वेदना हा तर शरीराचा धर्म. मग कागदावरच्या वाड्याने तिचे काय बिघडावे? हा प्रश्न मला पुढे अनेक वर्षे छळत राहिला, आणि त्याच्यामागे लागून मी जे थोडेफार वाचले ते आता सांगतो.

आपल्याकडे शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला जेवू घालावे आणि मद्य पाजावे, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. पुढे हजारो वर्षे जगभर याहून फारसे काही पुढे सरकले नाही. मद्य, अफू आणि धरून ठेवणारे चार दांडगे हात, एवढीच शस्त्रवैद्याची सामग्री असे. यात एक मोठा चमत्कार घडला तो लंडनला नव्हे, पॅरिसला नव्हे, तर बंगालमध्ये, हुगळीच्या तुरुंगाच्या इस्पितळात.

जेम्स एसडेल हा कंपनी सरकारच्या नोकरीतला स्कॉटिश सर्जन. मेस्मर नावाच्या युरोपातल्या वैद्याने माणसाच्या अंगावरून हात फिरवून त्याला एक प्रकारची झोप आणण्याची विद्या काढली होती, ती एसडेलने फक्त वाचली होती, पाहिली कधी नव्हती. ४ एप्रिल १८४५ रोजी अंडवृद्धीने पिडलेला एक कैदी शस्त्रक्रियेनंतर तळमळत होता. एसडेलने सहज प्रयोग म्हणून त्याच्या चेहऱ्यावरून आणि छातीवरून, अंगाला न टेकवता, हात फिरवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने कैदी गाढ झोपला. टोचले, चिमटे काढले, तरी हलेना. मग एसडेलने एकामागून एक शस्त्रक्रिया अशा झोपेत करायला सुरुवात केली. हत्तीरोगाने वाढलेल्या मोठमोठ्या गाठी त्याने कापल्या. त्या काळी अशा गाठींना हात लावायला कोणी धजत नसे. हात फिरवण्याचे काम तासन्‌तास चाले, म्हणून त्याने ते आपल्या इस्पितळातल्या देशी मदतनिसांना शिकवले. म्हणजे कीर्ती साहेबाची झाली, पण हात आपल्याच माणसांचे दुखले!

१८४६ साली बंगाल सरकारने समिती नेमली, तिने रोगी तपासले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कलकत्त्याला एक वर्षापुरते मेस्मेरिक इस्पितळ उघडण्यात आले. एसडेलने पुस्तकही लिहिले. पण टीकाकार गप्प बसले नाहीत. ते म्हणत, हे काळे लोक साहेबाला खूष करण्यासाठी सोंग करतात. जिवंत मांसात सुरी चालत असताना कोणी सोंग करून निपचित पडेल काय? पण गरिबाची वेदना खरी मानली जात नाही, तशीच गरिबाची वेदना गेली हेही खरे मानले जात नाही. हा न्याय हुगळीपासून आमच्या दवाखान्यापर्यंत सारखाच आहे.

एसडेलला वाटे की हाताच्या बोटांतून काही अदृश्य शक्ती वाहते. ते खरे नव्हते. १७८४ सालीच फ्रान्समधल्या एका चौकशी समितीने, जिच्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिनही होते, हा सगळा कल्पनेचा खेळ आहे असा निवाडा दिला होता. निवाडा बरोबर होता. पण 'नुसती कल्पना' म्हणून तो हसण्यावारी नेला गेला, ही चूक झाली. कल्पनेने माणूस सुरीखाली शांत पडत असेल, तर कल्पना ही केवढी थोर वस्तू! १८४३ साली ब्रेड नावाच्या डॉक्टरने ही शक्ती हातात नसून रोग्याच्या एकाग्र झालेल्या मनात आहे असे सांगितले आणि तिला संमोहन या अर्थाचे नवे नाव दिले.

पण काळ संमोहनासाठी थांबला नाही. कलकत्त्याचे इस्पितळ उघडण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, अमेरिकेत बोस्टनला मॉर्टन याने ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले आणि त्याच्या मानेवरची गाठ वेदनेवाचून काढली गेली. पुढच्याच वर्षी एडिंबरोला सिम्सनने क्लोरोफॉर्म आणले. चार थेंब आणि एक रुमाल, की काम झाले. तासभर हात फिरवत कोण बसतो? एसडेल १८५१ साली मायदेशी परतला आणि त्याची विद्या मागे पडली.

आता ही कथा आमच्या मुलखाजवळ येते. शिरूर अनंतपाळ आज लातूर जिल्ह्यात असले, तरी १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि आमची राजधानी होती हैदराबाद. त्या हैदराबादेत क्लोरोफॉर्मचा एक मोठा वाद लढला गेला.

क्लोरोफॉर्मने झोप येई, पण कधीकधी ती झोप उतरतच नसे. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिल्याबरोबर मेली. अशी मरणे वाढू लागली. एक पक्ष म्हणे, आधी हृदय थांबते, म्हणून नाडीवर बोट ठेवा. दुसरा म्हणे, आधी श्वास थांबतो, म्हणून छातीकडे पाहा. हैदराबादचा रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हा दुसऱ्या पक्षाचा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारच्या खर्चाने १८८८ साली पहिले आणि १८८९ साली दुसरे हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकाने आपला माणूस म्हणून लॉडर ब्रंटन यांना खास इकडे धाडले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरीच्या बाजूने लागला: श्वासाकडे पाहा.

या कामात लॉरीच्या हाताखाली रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी होती. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेतून १८८९ साली ती शिकून बाहेर पडली आणि क्लोरोफॉर्म देण्यात वाकबगार झाली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. ज्या काळात आमच्या आज्या-पणज्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नव्हत्या, त्या काळात त्याच राज्याच्या राजधानीत एक बाई परक्या माणसाच्या नाकाशी रुमाल धरून त्याचे श्वास मोजत बसत होती, हे वाचून मला फार बरे वाटले.

कमिशनचा निकाल मात्र पुरता टिकला नाही. १९११ साली इंग्लंडमध्ये गुडमन लेव्ही याने दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्मखालीदेखील हृदय अचानक फडफडून थांबू शकते. म्हणजे नाडी म्हणणाऱ्यांचेही खरे होते. तरीसुद्धा भूल देणाऱ्याने रोग्याच्या श्वासावरून नजर हलवू नये, हा हैदराबादचा धडा वाया गेला नाही.

भुलेने शस्त्रक्रियेचे भय घालवले. पण पट्टीचे काय? भाजलेल्या माणसाची पट्टी महिनोन्‌महिने बदलावी लागते. दर वेळी पुरती भूल देता येत नाही. मॉर्फिन आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत, आणि आपल्या देशात १९८५ सालच्या मादक पदार्थांच्या कायद्याने ते इतके कुलपात गेले की पुष्कळ दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली कायदा सैल झाला. माझ्या आईच्या वेळी मात्र कुलूप बंद होते. उघडा होता तो फाटका दिवाळी अंक.

तो का उपयोगी पडला, याचे पहिले उत्तर युद्धभूमीवरून आले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत काम केलेल्या बीचर या अमेरिकन डॉक्टरने १९४६ साली लिहिले की जबर जखमी झालेल्या सैनिकांपैकी पुष्कळांना वेदनेचे औषधच नको होते. तेवढीच जखम घरी झाली असती तर त्यांनी आकाशपाताळ एक केले असते. रणातून जिवंत सुटलो, या एका विचाराने वेदना झाकली गेली. हे वाचताना मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या गावाची जमीनही हादरली होती. त्या भागातले आमचे एक पाहुणे सांगत, की मोडलेल्या मनगटानेच ते सकाळभर दगड उपसत होते. पोर सापडले, जिवंत निघाले, आणि मग त्यांना हात उचलवेना. वेदना तोवर दाराबाहेर उभी होती.

हा दाराचा दाखला मी मनाने दिलेला नाही. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. जखमेची वर्दी तिथून मेंदूकडे जाते. पण ते फाटक किती उघडावे हे मेंदूही वरून ठरवतो. मन भीतीने जखमेवर खिळले तर ते सताड उघडते; मन दुसरीकडे गुंतले तर ते लोटले जाते. पुढे या कल्पनेत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. पण वेदना ही नुसती जखमेत नसते, मन तिच्यात वाटेकरी असते, हा मुद्दा कायम राहिला.

आता चष्म्याकडे येतो. १९६८ साली अमेरिकेत सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचे पहिले आभासी यंत्र तयार केले. ते इतके जड होते की छताला टांगून ठेवावे लागे. पुढे ते हलके होत गेले. सिएटल शहरातल्या हॉफमन या मानसशास्त्रज्ञाला वाटले की माणसाचे लक्ष जर इतके गुंतत असेल, तर त्याचा वेदनेवर उपयोग का करू नये? १९९६ च्या सुमारास त्याने तिथल्या हार्बरव्ह्यू इस्पितळाच्या भाजलेल्यांच्या विभागातले डॉक्टर पॅटरसन यांच्याबरोबर काम सुरू केले. २००० साली त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. त्यात सोळा आणि सतरा वर्षांचे दोनच भाजलेले मुलगे होते. जखमेची निगा चालू असताना साधा व्हिडिओ खेळ खेळताना त्यांना जेवढे दुखले, त्याहून चष्म्यातल्या जगात असताना पुष्कळ कमी दुखले.

मग त्यांनी भाजलेल्यांसाठीच एक जग रचले: स्नोवर्ल्ड. बर्फाच्या दरीतून रोगी तरंगत जातो. दोन्ही बाजूंना बर्फाची माणसे आणि पेंग्विन. त्यांच्यावर तो बर्फाचे गोळे फेकतो. आगीने भाजलेल्याला बर्फाच्या प्रदेशात नेणे, ही कल्पना कोणाही कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी आहे. २००४ साली त्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला चटका देत त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. चष्मा असताना वेदनेशी संबंधित पाचही भागांतली हालचाल स्पष्टपणे घटली होती. 'दुखले नाही' हे रोगी केवळ भिडेखातर म्हणत नव्हते. सोंगाचा आरोप हुगळीला झाला, त्याचे उत्तर असे दीडशेहून अधिक वर्षांनी मिळाले!

नंतर लढाईत भाजलेल्या अमेरिकन सैनिकांवर याचा उपयोग झाला. २०२१ साली जुनाट कंबरदुखीसाठी अशा एका चष्म्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. आपल्या देशातल्या बालदंतवैद्यांनीही हे करून पाहिले. दुधाच्या दाढांवर उपचार करताना चष्मा लावलेल्या मुलांना भीती आणि वेदना कमी जाणवल्याचा एक भारतीय अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून चष्मा आला की सारे दुःख सरले, असे मात्र नव्हे. काहींना त्याने गरगरते, मळमळते. तोंड भाजलेल्याला तो बांधता येत नाही. त्यासाठी दांड्यावर बसवलेले निराळे यंत्र करावे लागले. मुख्य म्हणजे तो औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही. सिएटलच्या त्या दोन मुलांनाही वेदनाशामके दिलेलीच होती. उद्या एखादा दवाखाना चष्मा चढवील आणि मॉर्फिनचे कपाट बंदच ठेवील, तर ते "बाईच्या जातीनं सोसावं" याचेच यांत्रिक रूप होईल. आणखी एक भय मला वाटते. चष्म्यातला रोगी ओरडत नाही. न ओरडणाऱ्याकडे बघायला कोणाला सवड असते? हैदराबादचा धडा इथेही लागू आहे: रोगी झोपेत असो की बर्फात, कोणाची तरी नजर त्याच्या श्वासावर हवी.

आमच्या शाळेत दहा वर्षांच्या मुलांना टीडीची लस टोचायला परिचारिका येते, त्या दिवशी मला वर्गाबाहेर खुर्ची टाकून बसवतात. एकेक पोर बाही वर करून येते आणि मी त्याला गोष्टीतले दोन वाक्यांएवढे सांगतो. तिसरे वाक्य टोचून झाल्यावर मिळेल, हा करार. रांगेत रडारड होतेच, पण "सर, मग काय झालं?" असे विचारत पुढे जाणारी मुलेही असतात. माझ्या कादंबऱ्यांना एवढा आतुर वाचक कधी मिळाला नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी आईला विचारले, त्या पडक्या वाड्याची गोष्ट तुला आठवते का? तिचा उजवा हात अजून चकचकीत, सुरकुतलेला आहे. याही वर्षी करंज्या तिनेच लाटल्या. ती म्हणाली, "वाडा? कसला वाडा रं? मला काही ध्यानात नाही."

मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "तू आला नव्हतास तो दिवस ध्यानात आहे."